सात नद्यांचे ठसे

"म्हणजे आता तुझा सर्व्हर कुणालाच पासवर्ड विचारणार नाही?"

"कुणालाच नाही, सर."

"आणि तरी आत सोडणार?"

"सोडणार. धडाधड."

'धडाधड' म्हणता म्हणता शाल्मली कुंभोजकर खुर्चीच्या अगदी कडेला आली होती. आणखी एक शब्द बोलली असती तर खालीच बसली असती. सकाळपासून तिचं असंच चाललं होतं. बसायचं म्हणून बसायची आणि बोलायला लागली की उठायची.

शिकलगार सरांनी मफलर घट्ट केला. "नीट सांग."

बाहेर सांगलीतला मे महिना होता आणि आत, सर्व्हरच्या खोलीत, माघ. पूर-अंदाज कक्षाच्या त्या गार खोलीत सर एकवीस वर्षं बसत आले होते. एक मफलर, एक थर्मास, एक लाकडी खुर्ची. आसपासच्या जिल्ह्यांतले कॉम्प्युटरवाले आपली अडलेली कामं घेऊन त्यांच्याकडे यायचे आणि बहुधा एखादा प्रश्न घेऊन परत जायचे. उत्तर देण्याची सरांना फारशी सवय नव्हती.

शनिवारी पाच वाजता ते निवृत्त होणार होते. त्याआधी शाल्मलीच्या नव्या पद्धतीच्या कागदावर त्यांनी सही केली, तर सर्व्हरचा ताबा तिच्याकडे येणार होता. नाही केली, तर तो पुण्याच्या एका कंपनीकडे जाणार आणि तिचं सहा महिन्यांचं कंत्राट तिथंच संपणार. आज गुरुवार. सही आजच होणार याची तिला इतकी खात्री होती, की तिने सासूबाईंना सांगितलं होतं, पाळणाघरातल्या ताईंना सांगितलं होतं आणि सकाळच्या रिक्षावाल्यालाही सांगितलं होतं. रिक्षावाल्याने विचारलं नव्हतं.

"सात नद्या, सात केंद्रं, सात कॉम्प्युटर," ती म्हणाली. "दर तासाला केंद्रावरचा माणूस इथे लॉगिन करतो आणि पाण्याची उंची पाठवतो. पासवर्ड दर तीन महिन्यांनी बदलतो आणि माणूस तो विसरतो. गेल्या ऑगस्टमध्ये येरळेचा माणूस पाच वेळा चुकला. सर्व्हरने दार लावून घेतलं. चार तास येरळेला पाणी किती, कुणालाच ठाऊक नाही."

"ठाऊक आहे. ते दार मीच उघडलं."

"तर आता माणसाला विचारायचंच नाही, सर. त्याच्या घराला विचारायचं. वारणेचा कॉम्प्युटर म्हणतो, हा आमचा बाळासाहेब, मी ओळखतो ह्याला. सर्व्हर एवढंच बघणार की बोलणारा कॉम्प्युटर खरंच वारणेचा आहे का. प्रत्येक कॉम्प्युटरचा एक ठसा असतो. अक्षरं-आकड्यांची लांबलचक ओळ. एकाचा दुसऱ्यासारखा नाही. सातांचे सात ठसे मी सर्व्हरच्या यादीत घातलेत. ठसा जुळला की घर खरं. घर खरं की माणूस खरा."

"गावात विचारतात तसं. कुणाच्यातली गं तू?"

"अगदी तसं."

सरांना कळलं याचा तिला इतका आनंद झाला, की हे सगळं चार महिन्यांपूर्वी सरांनीच आपल्याला शिकवलंय, हे ती साफ विसरली.

"करून बघितलंस?"

"काल संध्याकाळी. सातपैकी सात."

"सातांशी बोललीस?"

"सहांशी फोनवर बोलले. वारणेला फोन कुणी उचलत नव्हतं. पण नोंद आली, सर. बाळासाहेबांच्या नावाने, पासवर्डाशिवाय. मग झालंच की."

"हं…"

सरांच्या 'हं'चे कक्षात बरेच अर्थ लावले जात. शाल्मलीने त्यातला चांगला अर्थ घेतला.

"आणि ठसे? ते कुठून आणलेस?"

"इथूनच. एक कमांड आहे. सातही कॉम्प्युटरना विचारते, तुझा ठसा काय? दोन सेकंदांत सात उत्तरं." तिने चुटकी वाजवली. "मी ती उत्तरं यादीत टाकली."

"कुणाला विचारलंस?"

"कॉम्प्युटरना."

"उत्तर कुणी दिलं?"

"कॉम्प्युटरनीच."

"पाणी बघ," सर म्हणाले.

तिने पडद्याकडे पाहिलं. सात ओळी होत्या. सहा हिरव्या. तिसरी लाल.

वारणा. धोक्याच्या पातळीच्या वर नऊ फूट. नोंद पाठवणारे: बाळासाहेब.

शाल्मली उठली ती खुर्ची मागे पाडूनच. नऊ फूट. मे महिन्यात. पाऊस नाही, मग धरणातून सोडलं का? कुणी न सांगता? काठावर कलिंगडाचे मळे आहेत, माणसं नदीत धुणं धूत असतील, पोरं पोहत असतील… धोक्याच्या भोंग्यासाठी वरच्या मजल्यावर कळवायचं असतं. पण त्याआधी केंद्राला विचारायचं, हा नियम. तिने वारणेचा नंबर फिरवला.

या वेळी फोन पहिल्या घंटीलाच उचलला गेला.

"बाळासाहेब, पाणी किती आहे?"

"कुठलं, मॅडम?"

"वारणेचं."

तिकडे कुणीतरी उठून दारापर्यंत गेल्याचा आवाज आला.

"म्हशी बसल्यात की पाण्यात. पाठबी भिजंना त्यांची."

"तुम्ही आत्ता नोंद पाठवलीत. नऊ फूट वर."

"मी? मी जेवायला बसलोय, मॅडम. आन् कॉम्प्युटर कालपासनं बंद हाय. शिकलगार सरांनीच सांगितलं, वायर काढून ठेव म्हणून. संध्याकाळचा फोनबी उचलू नगंस म्हणाले. तुमास्नी म्हाईत न्हाई व्हय?"

तिने फोन खाली ठेवला. खूप सावकाश, जणू तो फुटेल.

सर वाकले. त्यांच्या लाकडी खुर्चीखालून एक निळी वायर भिंतीकडे जात होती. रोज तिथे इतक्या वायरी असत, की एका जास्तीच्या वायरीकडे कोण बघणार? वायरीच्या टोकाला एक जुना लॅपटॉप होता, बिजागरी मोडलेला, वर कुणाच्या तरी पोराने चिकटवलेलं बदकाचं चित्र. सरांनी तो उचलला आणि शाल्मलीच्या हातात दिला. झोपलेलं मूल द्यावं तसा, दोन्ही हातांनी.

तो कोमट होता.

"ही तुझी वारणा," सर म्हणाले. "काल दुपारी वारणेचा नेटवर्कवरचा पत्ता मी ह्याला दिला. तू विचारलंस, कोण? हा म्हणाला, वारणा. तू लिहून घेतलंस. त्यानंतर हा जे बोलला ते तुझ्या सर्व्हरनं खरं मानलं. आता ह्यानं म्हटलं की मी बाळासाहेब, तर बाळासाहेब. ह्यानं म्हटलं मी शाल्मली, तर शाल्मली."

शाल्मली लॅपटॉप हातात धरून उभी राहिली. गॅस बंद केलाय का हे बघायला जी बाई अर्ध्या जिन्यातून तीनदा परत जाते, तिने हे केलं होतं. गेल्याच महिन्यात तिचा सख्खा भाऊ तिच्या लेकीला, जुईला, पाळणाघरातून आणायला गेला. हातात तिच्या अक्षरातली चिठ्ठी, वर तिचा फोन. ताईंनी दिली नाही. "एकदा तुम्ही स्वतः ह्यांना घेऊन या, मला चेहरा दाखवा, मग पुढच्या खेपेला देईन," म्हणाल्या. केवढी खूश झाली होती ती. आठवडाभर ऑफिसात सांगत होती. अडीच वर्षांच्या पोरीसाठी जे तिला बरोबर वाटलं, ते सात नद्यांच्या वेळी तिच्या डोक्यातही आलं नाही. आणि आपण स्वतःला काळजीवाल्या म्हणवतो.

"मग हे सगळं काढून टाकते," ती म्हणाली. "पासवर्डच बरा. प्रत्येकाला, दर वेळी. एक नाही, दोन पासवर्ड ठेवू."

"येरळेचा पासवर्ड काय आहे?"

"मला कसा माहीत असेल, सर?"

"मला आहे. केंद्राच्या भिंतीवर खडूनं लिहिलाय. सापडावा म्हणून शेजारी बाण काढलाय."

तिला हसू आलं आणि त्याच वेळी डोळेही भरले. नाक पुसायला रुमाल शोधला, तर पर्समध्ये जुईचा मोजा निघाला. तिने मोजाच वापरला.

"माणूस चालत नाही. घरही चालत नाही," ती म्हणाली. "मग विश्वास ठेवायचा तरी कशावर?"

सरांनी थर्मासचं झाकण उघडलं. त्यात चहा ओतला आणि तिच्यापुढे सरकवला.

मग त्यांनी एक कोरा कागद घेतला. पट्टीने सात ओळी आखल्या. प्रत्येक ओळीच्या सुरुवातीला एका नदीचं नाव घातलं. पुढे काहीच लिहिलं नाही. कागद तिच्यापुढे ठेवला, त्यावर पेन्सिल ठेवली.

"शनिवारी पाचपर्यंत मी आहे."

शुक्रवारी सकाळी सात वाजता शाल्मली कृष्णेच्या केंद्रावर होती. जुईला सासूबाईंकडे सोडून, स्कूटरच्या डिकीत कागद, पेन्सिल, खोडरबर आणि, का कोण जाणे, जुईच्या खोकल्याचं औषध. कृष्णेचा कॉम्प्युटर गावातच. ती त्याच्यासमोर बसली. लांबून विचारलं नाही. त्याच्याच पडद्यावर, त्याच्याच कीबोर्डवरून त्याचा ठसा काढला आणि एकेक अक्षर मोठ्याने म्हणत कागदावर उतरवला. मग मोबाइलमधल्या यादीशी ताडून बघितला.

जुळला.

ती एकटीच हसली. केंद्रावरचा माणूस जरा लांब सरकून बसला.

तिथून पंचगंगा. तिथल्या कॉम्प्युटरला दसऱ्याचा झेंडूचा हार अजून होता, वाळून खडखडीत झालेला. तो बाजूला करायला तिथल्या मावशी तयार होईनात, म्हणून तिने हारामागून वाकून वाचलं. जुळला. मग येरळा. भिंतीवरचा बाण तिने डोळ्यांनी पाहिला, पुसायला सांगितला आणि पुसेपर्यंत उभी राहिली. जुळला.

एव्हाना तिला भलताच चेव आला होता. ऊन मी म्हणत होतं, स्कूटरची सीट तापलेल्या तव्यासारखी झाली होती आणि ती गाणं गुणगुणत होती. सासूबाईंना तिने चौथा फोन केला, तेव्हा त्या म्हणाल्या, "जेवली ती, झोपली ती, आता तुझ्या फोननं उठली."

वारणेला बाळासाहेबांनी ताक दिलं आणि म्हशी दाखवल्या. म्हशी खरंच बसल्या होत्या. मग त्यांनी कॉम्प्युटरची वायर लावली. तिने ठसा उतरवला आणि यादीतल्या ठशाशी ताडला. एक अक्षरही जुळत नव्हतं. खरी वारणा ही, आणि यादीत बसलेली ती, सरांच्या खुर्चीखालची. माहीत असूनही तिने दोन्ही ओळी पुन्हा एकदा ताडल्या.

"काय झालं, मॅडम?"

"काही नाही. तुमची ओळख करून घेतेय."

"सा म्हैन्यांनी व्हय?" बाळासाहेब म्हणाले. "घ्या घ्या. अजून ताक घ्या."

शनिवारी पहाटेच्या एसटीने कोयना, तिथून मोरणा. दोन्ही जुळले. मोरणेच्या केंद्रातून बाहेर पडताना तिने कागद उन्हात धरून पाहिला. सहा ओळी तिच्या बारक्या, तिरप्या अक्षरांनी भरलेल्या. एकच राहिली होती. सांगलीला उतरली, स्टँडवरून स्कूटर काढली आणि सरळ अग्रणी.

दुपारी तीन वाजता ती अग्रणीच्या केंद्रासमोर उभी होती. दाराला कुलूप होतं.

तिने केंद्रावरच्या तानाजीला फोन लावला. तिकडे बँड वाजत होता.

"मॅडम, चावी माझ्या खिशात हाय, आन् मी नवरीच्या मागं उभा हाय. बहिणीचं लगीन. जतला."

"कधी येशील?"

"उद्या सकाळी. पैलं काम हेच."

"उद्या नाही चालणार रे. पाच वाजता सही आहे."

"मग तुमच्या यादीत हाय की ठसा. त्योच लिवा. अग्रणीचा कॉम्प्युटर कोण बदलतंय, मॅडम? हितनं फॅनबी कुणी न्हेला न्हाई अजून." बँड वाढला. "अक्षता पडायल्या. ठेवू का?"

त्याने ठेवला.

शाल्मली पायरीवर बसली. तानाजीचं खरं असणार. पाच तपासले, पाच जुळले. वारणा फक्त सरांनी मुद्दाम फिरवली होती. अग्रणीचा ठसा तिच्या मोबाइलमध्ये होता, पूर्ण, स्वच्छ, दोन सेकंदांत आलेला. तिने पेन्सिल काढली. सातव्या ओळीवर पहिलं अक्षर लिहिलं. दुसरं लिहिलं…

मग उठून खिडकीपाशी गेली. काचेवर धूळ होती. ती पदराने पुसली, ओंजळ करून डोळे लावले. आत अंधारात कॉम्प्युटर होता आणि त्याचा हिरवा दिवा लुकलुकत होता. अगदी शांतपणे, एखादं शहाणं मूल आईची वाट बघत बसतं तसा.

दिवा दिसत होता. ठसा दिसत नव्हता.

तिने खोडरबर काढला आणि दोन्ही अक्षरं खोडली. घाईत जरा जोरात खोडली, कागद तिथे खरवडला गेला.

पाचला दहा मिनिटं कमी असताना ती गार खोलीत शिरली. सरांचं टेबल आवरलेलं होतं. त्यावर फक्त दोन कागद होते. एक तिच्या पद्धतीचा, सहीची जागा रिकामी. दुसरा कंपनीला ताबा देण्याचा, टाइप केलेला. त्याचीही सहीची जागा रिकामी.

"यादी आणलीस?"

"सहा, सर."

तिने ओळींचा कागद त्यांच्यापुढे ठेवला. मग, तिला शांत राहता येईना म्हणून, सगळं एका दमात सांगून टाकलं. "अग्रणीला कुलूप होतं. तानाजी लग्नात. खिडकीतून दिवा दिसला, तेवढाच. इथून विचारलेला ठसा आहे माझ्याकडे, पण तो मी तिथे बसून वाचलेला नाही. वारणेचा खोटा काढला, खरा घालते. अग्रणीचं नाव यादीतून काढलंय. मी जाऊन येईपर्यंत ती पासवर्डानेच येईल. कंपनीवाले सातही एका दिवसात करून देतील म्हणे," ती म्हणाली. हे सरांना म्हणावं लागू नये, म्हणून तिनेच म्हटलं. "मी सातपैकी सात म्हणाले होते. सगळ्यांना सांगूनही बसले. ते माझं मी निस्तरते."

सरांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. कागद उचलला. त्यांचं बोट पहिल्या ओळीवर थांबलं नाही, दुसऱ्या ओळीवरही नाही. ते सरळ खाली गेलं, रिकाम्या ओळीवर. खरवडलेल्या जागेवरून त्यांनी अंगठा फिरवला. मग कागद ट्यूबलाइटसमोर धरला. तिथे उजेड आरपार दिसत होता, आणि उजेडात दोन खोडलेली अक्षरंही.

शाल्मलीने मान खाली घातली.

पेनाचं टोपण उघडल्याचा आवाज आला. कागदावर पेन चालल्याचा आवाज आला. तिने वर पाहिलं, तेव्हा कंपनीच्या कागदाचे उभे दोन तुकडे झालेले होते आणि दुसऱ्या कागदावरची शाई अजून ओली होती.

ती बघतच राहिली. मग तिने ओळींचा कागद पुन्हा त्यांच्यापुढे सरकवला.

"सर, ते सहा ठसे तरी तपासून बघा. उन्हात लिहिलेत. एखादं अक्षर चुकलं असेल. मी चुकते, सर, तुम्हाला माहितीये."

सर मफलरची घडी घालत होते.

"ते सहा मी वाचलेच नाहीत."

"मग सही कशावर केलीत?"

त्यांनी घडी थर्मासवर ठेवली.

"सातवी ओळ वाचली."